आर्डिसची कॉमेंट्री

अमेरिकेत मिनेसोटातल्या ऑडना गावाला स्वतःचा बेसबॉलचा संघ आहे आणि उन्हाळ्यात दर रविवारी दुपारी सगळं गाव मैदानावर असतं. खेळणारे गावचेच. कुणी शाळेत शिकवतो, कुणी ट्रॅक्टर दुरुस्त करतो. व्हर्लिन टोलेफ्सन तरुणपणी याच संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता आणि हात थकल्यावरही त्याचा एक रविवार कधी चुकला नव्हता. पण त्या हिवाळ्यात त्याचे डोळे गेले. अगदी अंधार झाला नाही. कडेकडेचं धूसर दिसायचं, पण जिथे बघायचं नेमकं तिथेच काही नसायचं.

मे महिन्यात सामने सुरू झाले तेव्हा तो खुर्चीतून उठेना.

"मी तिथे येऊन काय करू? गवताचा वास घेत बसू?"

शेजारची मर्ना दारात उभी होती. नवरा गेल्यापासून ती व्हर्लिन आणि त्याच्या बायकोबरोबरच मैदानावर जायची. "गवताचा नको, हॉट डॉगचा घे," ती म्हणाली. "आणि लवकर उठ, चांगली जागा गेली तर तुझ्या डोक्यावर खापर फोडेन."

तो आला, पण पाहुण्यासारखा अंग चोरून बसला. लोक ओरडले की मान तिकडे वळवायचा आणि विचारायचा, "काय झालं?"

"आउट," मर्ना म्हणाली.

"कसा?"

"कसा म्हणजे? आउट म्हणजे आउट."

आर्डिस, त्याची बायको, विणकाम करत होती. लग्न झाल्यापासून ती त्याच्याबरोबर इथे येत होती आणि या बाकावर बसून तिने अर्ध्या गावाच्या नातवंडांचे स्वेटर विणले होते. खेळाकडे तिचं कधी लक्ष नसायचं. पण नवऱ्याचा तो वळलेला चेहरा तिला बघवेना. तिने सुया खाली ठेवल्या.

"तो पांढऱ्या बुटांचा आहे ना, तो पुढच्या बेसकडे, त्या पांढऱ्या चौकोनाकडे, पळत सुटला. मध्येच त्याचा विचार बदलला. मागे फिरला, तोवर आपल्या पोराने चेंडू घेऊन त्याला शिवलं."

"विचार बदलला?" व्हर्लिनला हसू आलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच.

"तोंडावरून तरी तसंच वाटलं."

तिथून ते सुरू झालं. आर्डिसला खेळातले शब्द येत नव्हते, त्यामुळे ती माणसांबद्दल सांगायची. "आज आपला पिचर घरी भांडून आलाय वाटतं. जबडा बघ कसा आवळलाय."

"मग चेंडू उंच जात असतील."

"हो, जातायत. तुला कसं कळलं?"

"रागात खांदा आधी पुढे येतो."

ती चेहरे सांगायची, तो त्यातून खेळ जुळवायचा. पुढच्या बाकावरची माणसं मागे रेलून ऐकू लागली. मर्ना सूर्यफुलाच्या बिया सोलत म्हणाली, "इतकी वर्षं ही बाई माझ्या शेजारी मुकी बसली होती. आता मला बोलायला वाव नाही."

त्यांचा मुलगा लायल तिसऱ्या बेसवर खेळायचा. संघात वयाने सगळ्यात मोठा तोच. जुलैमध्ये शेजारच्या बेर्गमच्या संघाशी सामना होता. एक साधा घरंगळता चेंडू लायलकडे आला आणि त्याच्या पायांमधून मागे गेला. बेर्गमच्या दोघांनी फेरी पूर्ण करून दोन धावा काढल्या. सगळ्या बाकांवर शांतता पसरली.

"कुणाकडे गेला?" व्हर्लिनने विचारलं.

"लायलकडे. पण खडा होता बहुतेक. चेंडू एकदम उसळला. त्याच्या हातात काही नव्हतं."

मर्नाने तिच्याकडे पाहिलं आणि परत बियांकडे लक्ष वळवलं. थोड्या वेळाने लायलने फेकलेला चेंडू पहिल्या बेसच्या अलीकडेच जमिनीवर पडला. आर्डिस म्हणाली, पळणाराच फार चपळ होता.

मर्ना वाटेत दुकानापाशी उतरली आणि दोघंच गाडीत उरले तेव्हा तो म्हणाला, "चेंडू उसळला की लोक ओरडतात, आर्डिस. अंपायरला, मैदानाला, देवाला, कुणालातरी शिव्या घालतात. आज सगळे गप्प झाले. आपल्या माणसाकडून चूक झाली की लोक गप्प होतात."

आर्डिस समोरच्या रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिली. "तुला वाईट वाटलं असतं."

"मग वाटू दे की. माझे डोळे गेलेत, बाकी सगळं जागेवर आहे. दिसेल ते सांगणार असशील तर मी येतो. नाहीतर घरी रेडिओ आहे."

रात्रीच्या जेवणाची भांडी धुताना ती त्याचाच विचार करत होती. आपण व्हर्लिनला जपतोय असं तिला वाटलं होतं. पण खरं तर ते शब्द तिच्याच तोंडून निघत नव्हते. आपला मुलगा आता थकला, हे बोलून दाखवलं असतं तर ते तिलाही ऐकावं लागलं असतं.

पुढच्या रविवारी तिने काही गाळलं नाही. "चेंडू फेकताना लायल तोंड वाकडं करतो," ती हळूच म्हणाली. "दर वेळी. मग कुणाला दिसणार नाही असा खांदा दाबतो."

"कधीपासून?"

"मी बघायला लागले तेव्हापासून."

त्या संध्याकाळी लायल जेवायला आला होता. कणसं खाऊन झाल्यावर व्हर्लिनने विचारलं, "खांदा कसा आहे?"

"ठीक आहे."

"तुझी आई म्हणते, ठीक नाहीये."

लायलने आईकडे पाहिलं. "आई खेळ बघते?"

"आता तीच बघते."

लायलने खाऊन झालेलं कणीस ताटात बाजूला सारलं. मग म्हणाला, "मी गेल्याच वर्षी सोडणार होतो, बाबा. डॉक्टरनेही सांगितलं होतं. पण मग तुझे डोळे... वाटलं, मी मैदानावर नसलो तर तू घराबाहेरच पडणार नाहीस."

व्हर्लिनला हसावं की काय करावं कळेना. "आणि मी येत होतो कारण तुला वाटू नये की म्हाताऱ्याने आपल्याकडे पाठ फिरवली. तुझी आई आणि मर्ना मला गाडीत कोंबतात म्हणून नाही."

"म्हणजे दोघंही उगाचच," लायल म्हणाला.

"उगाच नाही," आर्डिस म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

ऑगस्टच्या सुरुवातीला लायलने संघाच्या कॅप्टनला सांगून टाकलं. त्याच्या शेवटच्या सामन्यात मोठं काही घडलं नाही. बॅटने एकदा चेंडू बरा मारला, पण तो झेलला गेला. ऑडना हरलं. आर्डिसने तेही जसंच्या तसं सांगितलं आणि व्हर्लिन मान डोलवत ऐकत राहिला.

पुढच्या रविवारी लायल पहिल्यांदाच बाकावर बसला, आईबापाच्या मध्ये. आपल्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. आर्डिस सांगायला लागली की तो मध्येच दुरुस्ती करायचा. "तसं नाही आई, तो पाय मुद्दामच..."

"तू थांब," व्हर्लिन म्हणाला. "मला तिच्याकडून ऐकायचंय."

तिसऱ्या बेसवर आता शाळेतला नवा मास्तर होता, काटकुळा, कान पुढे आलेले. त्याच्याकडे एक सणसणीत चेंडू आला. त्याने आडवी उडी घेऊन तो धरला आणि गुडघ्यावर बसूनच पहिल्या बेसकडे फेकला. सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. आर्डिसने ती उडी सांगितली, मास्तरच्या कोपराला लागलेली माती सांगितली, मग शेजारी पाहिलं.

"लायलपण उभा आहे," ती म्हणाली. "बाकीचे बसले तरी तो टाळ्या वाजवतोय. डोळे पुसतोय."

"आई, हेही सांगायचं असतं का?"

"असतं," व्हर्लिन म्हणाला. चाचपडत त्याने मुलाची बाही पकडली आणि त्याला खाली बसवलं.

मर्नाने बियांची पुडी त्यांच्याकडे सरकवली. मैदानात पुढचा फलंदाज बॅट हातात तोलत येत होता आणि आर्डिस त्याच्या चालीकडे बारकाईने बघत होती.