तिप्पण्णाचे धडधाकट मासे

अक्कलकोटच्या अलीकडं तिप्पण्णाचं शेततळं आहे. त्यातले कटला मासे इतके माजलेत, की पाण्यावर येणाऱ्या म्हशी आधी त्यांची परवानगी मागतात. हे तिप्पण्णाच सांगतो. म्हशींनी अजून तरी नाकारलेलं नाही.

करामत सगळी त्याच्या बायकोची, नागव्वाची. ती शेडमध्ये मशरूम पिकवायची. काढणी झाली की देठांचे जे बुडखे बाकीचे उकिरड्यावर फेकतात, ते ती वाळवून उखळात कुटायची आणि पेंडीत कालवून माशांना घालायची. गेल्या साली माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले, ते या भुकटीनंच गेले, असं तिचं ठाम मत. मग पुण्यात लेकीला, दाक्षायणीला, जुळी झाली. नागव्वा दोन महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला आता आठवा महिना लागला. तेव्हापासून मशरूम आणि भुकटी कुटणं तिप्पण्णाकडंच.

जाताना एवढंच म्हणाली होती, "माशास्नी काय झालं तर बोलवा. लगीच येते."

म्हणून तिप्पण्णानं तीन दिवस भुकटी बंद करून पाहिली. मासे काठाशी येऊन तोंडं उघडून थांबले. चौथ्या दिवशी त्याला बघवेना, दुप्पट घातली. लेकाचे आणखीच तुकतुकीत झाले.

आता खोटंच बोलायचं, असं ठरवून त्यानं फोन लावला.

"मासं कसं हायती?" नागव्वानं विचारलं.

‘चट्टे’ हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण आपल्या माशांची निंदा त्याच्या तोंडून निघेना.

"कसं म्हंजे? काल एका कटल्यानं शेपूट हाणलं, तर मोटरीच्या खोलीवरचा पत्रा उडाला की!"

"बरं हाय मग. तुमाला जमतंय. मी ऱ्हाते आनखी दोन म्हैनं."

तिप्पण्णा घाईघाईनं म्हणाला,

"नागव्वा, पत्रा उडाला न्हाय."

"ते ठावं हाय मला."

"चट्टे उठल्यात. लई."

"खोटं."

"व्हय, खोटं." तो तळ्याच्या काठावर टेकला. "मासं बरं हायती गं. पर एकट्यानं कुटायला बसलं, की मुसळाचा आवाज लई मोटा येतो."

नागव्वानं एवढंच विचारलं,

"बारीक कुटता का?"

"न्हाय. जाडंभरडंच ऱ्हातं."

"आयतवारी येते. आठ दिवसांसाठी. तवर चाळून घाला."

तिनं फोन बंद न करता तसाच स्वयंपाकाच्या कट्ट्यावर ठेवला आणि भांडी घासायला घेतली. तिप्पण्णानंही बंद केला नाही. कानाला धरून, पुण्यातल्या भांड्यांचा आवाज ऐकत तो तळ्याच्या काठावर बसून राहिला.