बुजवलेले घाव

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून आलात की उजव्या हाताला. माझ्या पोटात एक भोक आहे आणि त्यावर पत्रा ठोकलेला आहे. त्याला हसू नका. ते भोक फार कष्टाने राखलेलं आहे.

मला घडवलं ते शेजारच्या सुतारदादाने. आमच्या ताईचं आधीचं दार वाळवीने खाल्लं, तेव्हा तो म्हणाला, "ताई, बाजारातलं आणू नका, मी करतो." रोज कामावरून आला की जिन्यासमोर मला रंधत बसे. रंधा कसा, लेकराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा! बिजागऱ्या अशा बसवल्या की उघडताना मी हूं की चूं करत नसे. पोस्टमनसुद्धा म्हणायचा, "दार असावं तर असं." मी तर हवेतच होतो.

ताई कपडे शिवायची. ती आणि तिची लेक चिमी, दोघीच. मशीन चाले तेव्हा घर चाले. सुतारदादाची आई सगळ्यांची मावशी. चिमी निम्मी आमच्याकडे वाढली, निम्मी तिच्याकडे. दोन्ही दारं दिवसभर सताड उघडी असत.

मग सुतारदादा आजारी पडला. आजार तापाचा नव्हता, मनाचा होता. गोळ्या घेई तोवर तो बरा असे. बंद केल्या, की भिंतीपलीकडचं मशीन आपल्याविषयी काहीबाही बोलतंय असं त्याला ऐकू येई. एका दुपारी तो ओरडत आला, "बंद करा ते! काय काय सांगतंय माझ्याबद्दल!" आणि हातातली कुऱ्हाड त्याने माझ्यावर घातली.

मित्रांनो, ज्या हातांनी मला रंधलं, त्याच हातांचा घाव! लाकडापेक्षा मनाला जास्त लागला. ताई मला लावून घेऊन, चिमीला पोटाशी धरून, पाठ मला टेकवून उभी होती.

राग उतरला की तो रडत यायचा. भुसा आणि सरस कालवून घाव भरायचा, घासायचा, पॉलिश मारायचा. हात असा, की दुसऱ्या दिवशी घाव कुठे होता ते मलाही सापडू नये. ताई विरघळायची. "आजारी माणूस आहे, काय करणार," म्हणायची. असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. मशीन बंद ठेवावं तर पोटाला चिमटा, चालू ठेवावं तर जीव मुठीत.

शेवटी ताई कोर्टात गेली. मागणं साधं होतं. त्याने आमच्या दाराशी येऊ नये आणि त्याच्यावर उपचार व्हावेत. कोर्टाचा माणूस पाहणीला येणार असं ठरलं. हे तिने कुणाला सांगितलं असेल? मावशीला! भोळी बिचारी. मावशीने तिचा हात हातात घेतला. "अगं, तू मला लेकीसारखी. मीच त्यांना सगळं सांगते. त्याला औषध मिळेल, मलाही तेच हवंय."

पाहणीच्या आदल्या दिवशी ताई कापड आणायला गेली होती. मावशी मुलाला घेऊन आली. माझा ताजा घाव उघडाच होता. "भर रे बाबा, पोरीला वारा लागतो," म्हणाली, आणि जवळ उभी राहून भरून घेतला. मला वाटलं, किती ही माया! ताई परतली तेव्हा मला बघून थबकली. पण सांगायला मावशी आहेच, असं म्हणून कामाला लागली.

कोर्टाचा माणूस आला. माझ्यावरून बोटं फिरवून म्हणाला, "बाई, दार तर नवंच दिसतंय." ताईने मावशीकडे पाहिलं. मावशीने सरळ कानांवर हात ठेवले.

"माझा मुलगा कुणाच्या दाराला हात लावत नाही हो. हिलाच उगाच भास होतात."

तो माणूस उंबऱ्यावरूनच परत गेला. ताई एवढंच म्हणाली, "मावशी, तुम्ही?" केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी तुकतुकीत उभा, आणि माझ्यामुळे ती खोटी ठरली. त्या चकाकीची मला शिसारी आली.

पुढचा घाव आरपार गेला. पातं ताईच्या दंडाला चाटून गेलं. पोलिसांनी सुतारदादाला नेलं आणि संध्याकाळी सोडूनही दिलं. तो सरस घेऊन हजर! भोकातून त्याचे ओले डोळे दिसत होते.

"ताई, भरतो मी. माझ्या हातचं दार आहे."

"नको, दादा. या वेळी नको." ताईही रडत होती, पण तिने कडी काढली नाही.

सकाळी तिने मला बिजागऱ्यांवरून उतरवलं, हातगाडीवर घातलं आणि थेट कोर्टात नेलं. माणसं थांबून बघत होती. बघू देत!

कोर्टाने मला तिथेच ठेवून घेतलं आणि दोन आठवड्यांनी मायलेकांना बोलावलं. तेव्हा मावशी म्हणाली, "हे भोक हिनेच पाडलंय." न्यायाधीशबाईंनी सुतारदादाला विचारलं, "हे दार ओळखता?" पोलिसांनी नेल्यापासून तो पुन्हा गोळ्या घेत होता. मावशी त्याला डोळ्यांनी खुणावत होती. त्याने माझ्यावर तळहात ठेवला.

"मीच केलंय हे." मग एकेक जागा बोटाने दाखवत गेला. "इथे घाव होता. इथेही. त्याच्या खाली आणखी एक. भरलेत मीच." भोकापाशी येऊन तो थांबला. "आणि पाडलंयही मीच. आई, ताईला खोटं पाडू नकोस गं."

आदेश मिळाला. सुतारदादाला दवाखान्यात ठेवलं. बरा होऊन आला तरी आमच्या दाराशी यायचं नाही, त्याने दुसरीकडे राहायचं. मावशी अजून शेजारीच असते. जिन्यात दिसली की मान वळवते. तिचं दार बंद असतं, आमचंही. त्या उघड्या दारांची मला फार आठवण येते.

मशीन पुन्हा चालू झालंय. मला दुसऱ्याच कुणी बसवलं, म्हणून मी उघडताना कुरकुरतो. तो नवा सुतार भोकही भरून देत होता. ताई नको म्हणाली, पत्राच ठोकून घेतला.

मित्रांनो, मनाने आजारी असलेल्या माणसाला औषध द्या, माया द्या. पण त्याची चूक झाकून त्याला बरं करता येत नाही. आणि कुणी म्हणालं, मला शेजारची भीती वाटते, तर माझ्यासारख्यावर बाहेरून बोटं फिरवून परत जाऊ नका. कडी वाजवा. आत या. दाराला पाठ टेकवून कोण उभं आहे, ते बघा.