हाडं दुखायची वाट

माझी आई, कमलबाई, जन्मात पहिल्यांदा मला इचारायली होती, की बाई, कुठं दुखायलंय का. आन् मी न्हाई म्हणलं की तिचं तोंड उतरायचं.

झालं असं, की माझ्या धाकट्या भावाला, आदिनाथला, रक्ताचा कॅन्सर निघाला. संभाजीनगरच्या दवाखान्यात त्याला काचेच्या खोलीत ठेवलेलं. त्याच्या हाडातला सगळा गर औषधानं जाळून टाकलेला. आता माझ्या मूळपेशी त्याच्यात सोडल्या तरच तो जगणार होता. ह्या पेशींपासूनच रक्त बनतं म्हणं, आन् त्या हाडात दडून बसतात. वाढीचं इंजेक्शन दिलं की एकीच्या दोन, दोनाच्या चार होत रक्तात उतरतात. मग मशीन लावून काढून घ्यायच्या.

इंजेक्शनं घ्यायला मी पूर्णेहून झरीला माहेरी आले. सासरी स्वयंपाक सुटला नसता, म्हणून. इथं बी सुटला न्हाईच म्हणा.

डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं, "हाडं दुखतील, घाबरू नका. पेशी वाढायल्यात म्हणून दुखतं." एखाद्याला दुखत बी न्हाई, खरं काय ते रक्ताच्या रिपोर्टातच कळतं, हे बी सांगितलं होतं. ते मात्र आईनं ऐकलंच न्हाई. तिच्या डोक्यात एवढंच बसलं, की राजेश्रीला दुखलं तर आदिनाथ वाचला.

पहिल्या इंजेक्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ती चहा घेऊन उशाशी.

"दुखायलंय का गं?"

"न्हाई."

"कंबर बी न्हाई?"

"न्हाई ना आई."

दुपारी तेच, संध्याकाळी तेच. शेजारची मनिषा कुंपणावरून इचारायची. आधी मला हसू यायचं, मग संताप यायला लागला. दुखंना म्हणजे मी काय मुद्दाम अडवून धरलंय का? पन आई जेवंना, तवा मीच माझी कंबर चाचपून बघायले. वाटायचं, ह्या घराला दे, त्या घराला दे, असं करून करून आपल्या हाडात काय उरलंच न्हाई की काय. तसं असंल तर आदिनाथ गेला.

तिसऱ्या दिवशी भांडी घासताना मांडीत ठणका बसला. मग कंबर, पाठ, छातीचं मधलं हाड. आतून कुणी मुसळानं कांडायलंय असं वाटायलं. मी तिथंच खाली बसले. आईनं माझं तोंड बघितलं आन् हात जोडले. "दुखायलंय माय, दुखायलंय," करत ती मनिषाकडं सांगायला पळाली. आईनं दोन दिवसांनी पोटभर भाकर खाल्ली. मी भिंत धरून आत जाऊन पडले. राहिलेली भांडी संध्याकाळी मीच घासली.

रिपोर्ट चांगला आला, पेशी भरपूर निघाल्या. त्या आदिनाथला दिल्या आन् मी पूर्णेला माझ्या कामाला लागले.

पुढं काही दिवसांनी दवाखान्यातून आईचा फोन आला. रडायली होती. "तुझ्या पेशी रुजल्या गं. डॉक्टर म्हणत्यात, वाढायल्यात. पन लेकराची हाडं लय दुखायलीत. कण्हतंय बिचारं. मला बघवंना."

भाऊ वाचला. मला लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी म्हणलं, "आई, मला झालतं तेच हाय ते."

"तुझं येगळं गं," ती म्हणली. "तुला सवय हाय."

माझ्या काळजाला लागलं ते. तिला वाटलं फोन कटला.

"हॅलो, राजेश्री? किती दिवस राहतंय गं हे दुखणं?"

मला दुखायला लागलं त्या दिवसापासून तिनं इचारायचं सोडलं होतं. तिला कुठून मालूम असणार?

"उतरतंय," मी म्हणलं. "तू त्याच्याजवळ बस."