श्वासाच्या दारावरचे दोन पाहुणे

मित्रांनो, मी एक जुना रिसेप्टर आहे. मेंदूच्या तळाशी, जिथून श्वासाचे हुकूम सुटतात, तिथल्या एका पेशीच्या भिंतीतला इवलासा दरवाजा म्हणा ना. माझे भाग कितीदा तरी बदलले गेले, काम मात्र तेच राहिले. मेंदूचाच एक रासायनिक दूत येऊन मला उघडतो, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि तापलेली पेशी शांत होते. दूत गेला की मी मिटतो.

आमचा मालक खिडक्यांना काचा बसवणारा कारागीर. कितीही उंच इमारत असो, ते काम त्याच्या डाव्या हाताचा मळ होते. पण एकदा त्याचा जोडीदार त्याच्या डोळ्यांदेखत परांचीवरून पडला आणि जागीच गेला. तेव्हापासून मालकाचा डोळ्याला डोळा लागेना. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आणि बजावले, यासोबत दारू अजिबात नको.

गोळी मला बिलगून बसे आणि दूत आला की मला नेहमीपेक्षा जास्त उघडायला लावी. मालक झोपू लागला. पण हळूहळू आम्ही सगळे दरवाजे तिला सरावलो. आमच्यातले काही भिंतीआड ओढले गेले, उरलेले मंदावले. एकीच्या दोन गोळ्या झाल्या. मग घरात बाटलीही आली.

धाकटी बहीण त्याच्याकडेच राहायची.

"दादा, गोळी घेतलीस ना? मग ग्लास खाली ठेव."

"अगं, ती झोपेसाठी, ही जरा बरं वाटायला. दोघींचा काय संबंध?"

"डॉक्टर काय उगाच म्हणाले?"

"डोकं नको खाऊस गं."

संबंध मला ठाऊक होता. पण मला तोंड नाही.

एका सुट्टीच्या दुपारी दोघी एकदमच आल्या. गोळीने मला धरले, दारूनेही धरले. मला धड मिटताच येईना. पेशी थंड पडत गेल्या. श्वासाचा हुकूम उशिरा सुटू लागला, मग त्याहून उशिरा. मालक खुर्चीत घोरत होता. बहिणीला वाटले, चला, गाढ झोपला एकदाचा. ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. मग घोरणे थांबले. शांत करणे हेच माझे काम, आणि ते करता करता मी त्याला मारत होतो.

ती परतली तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. तिने शेजाऱ्यांना हाक मारली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला तोंडाने श्वास देत राहिली.

तो वाचला. दारू सुटली. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या. एकदम तोडल्या असत्या तर झटके आले असते. पण श्वासावाचून राहिलेल्या त्या वेळात आठवणी सांभाळणाऱ्या कित्येक पेशी गेल्या. त्या परत यायच्या नाहीत.

आता तो खिडकीचे माप घेतो आणि काच कापायला टेबलापाशी पोचेपर्यंत आकडा विसरतो. बहीण खिडकीशी टेप धरून उभी असते.

"किती म्हणालीस?"

ती सांगते. तो रेघ मारायला वाकतो, थांबतो.

"किती?"

ती पुन्हा सांगते, आवाज न चढवता.

मित्रांनो, मला कुलूप नाही. माझ्या दाराशी कोणाला पाठवायचे हे तुम्हीच ठरवता. तेवढे जपून ठरवा.