नवीन सात मिनिटं

सात वर्षं त्यानं सात मिनिटांवर काढली. तळघरातले क्लब, खरखरणारा माईक, तीस खुर्च्या आणि त्यातल्या अकरा भरलेल्या. तेच घरमालकाचे विनोद, तेच स्वतःच्या टकलाचे. ऐकणारे रोज नवे, मग बिघडतंय काय? घासून घासून ती सात मिनिटं इतकी गुळगुळीत झाली, की एक दिवस टीव्हीवाल्यांनी त्याला उचललाच.

आणि टीव्हीनं काय केलं? सात वर्षांची कमाई एका शुक्रवारी गिळून टाकली. "झकास!" निर्मातीबाई म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारी नवीन सात. लोक हसले नाहीत तर बाहेर." अहो, नवीन आणायची कुठून? आठ दिवसांत माणूस कागद काळे करेल, विनोद कसले होतायत! बुधवारपर्यंत त्याची बोबडी वळली.

घरात ताई होती. नवरा सोडून गेल्यापासून माहेरीच, शाळेत शिकवायची. मटार सोलताना एकदा ती ह्याला म्हणाली होती, "जाताना त्यानं पडद्यांच्या दांड्यासुद्धा नेल्या रे. पडदे तेवढे ठेवले. समोरच्यांना दिसू नये म्हणून मी पडदा हातात धरून खिडकीत उभी राहिले, अर्धा तास." आणि लगेच, "कुणाला सांगू नकोस हं."

"वेडी आहेस का?" हा म्हणाला होता.

सांगितलं त्यानं. शुक्रवारी, साऱ्या जगाला. पडदा धरून उभं राहूनही दाखवलं. लोक खुर्च्यांवरून पडायचेच बाकी राहिले. निर्मातीबाईंचा फोन आला, "ताईचंच आणा अजून!"

घरात मात्र सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली. हा स्वयंपाकघरात शिरला की आई नळ मोठा सोडायची. बाबा पेपरात डोकं खुपसायचे. पुढचा गुरुवार उजाडला तरी ह्याच्याकडे एक ओळ नव्हती.

त्या दुपारी ताई लवकर घरी आली. पर्सही न ठेवता त्याच्यासमोर बसली.

"सातवीच्या पोरांनी वर्गातले पडदे काढले. घड्या घालून माझ्या टेबलावर ठेवले. म्हणाली, बाई, धरता का थोडा वेळ? मी राजीनामा देऊन आले. तुझ्या पाया पडते, मला सोड आता."

तो ढसाढसा रडला. तिचे पाय धरले, शपथा घेतल्या, स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं. त्यात तसूभरही खोटं नव्हतं. पण मेल्याच्या डोक्यात तेवढ्यातच शिरलं, 'टेबलावर' म्हटलं की जरा थांबायचं, मग पोरांचं वाक्य. हशा तिथंच येणार. आणि अख्ख्या आठवड्यात पहिल्यांदा त्याचा जीव भांड्यात पडला.