नावेतली सुई

“एकट्या पोरीले नाव देता का, भाऊ?”

अंबाझरी तलावावर गेलीस तर हे विचारून दाखव, अशी सुमतीने वर्गात पैज लावली होती. मी विचारलं! तेही आई-बाबांसमोर, खणखणीत आवाजात. नाववाले कवडूभाऊ हसले. “एकटीले नाही देत, बाई. संग मोठं माणूस पाह्यजे.”

“मी बसते न,” अंजनाबाई लगेच पुढे झाल्या.

या खापा गावच्या, बाबांच्या ओळखीतल्या. बागेत म्हणे अचानक भेटल्या. सहलीला साडी काहून, असं मी सकाळी आईला विचारलं, तेव्हा ती माझ्या निऱ्या खोचत राहिली होती.

नाव मधोमध आली तशी अंजनाबाईंनी बटव्यातून सुई-दोरा काढला. “ओव बरं.”

नाव डुलत होती. पण शिवणाच्या तासाला माझा पहिला नंबर! एका दमात ओवला. वर म्हटलं, “याहून बारीक आणा!”

“नजर चांगली आहे.” मग त्यांनी माझ्या साडीचा काठ उचलून पावलं पाहिली. “आमच्या पोराले, बळीरामले, शोभशीन. माघात उरकून टाकू.”

अस्सं होय! आणि मी शहाणी स्वतःच पास होऊन बसले.

“मार्चात माझी मॅट्रिक आहे,” मी म्हटलं.

“चुलीपाशी कोण पेपर तपासते वं?”

“कवडूभाऊ, परत चला.”

“पुरी चक्कर झाल्याबिगर नाव वळत नाही, बाई.”

उडी मारावी म्हटलं, तर पोहता येत नाही. काठावर आई-बाबा बोटाएवढे दिसत होते. उठले तर नाव कलली, खाली बसले. अंजनाबाई घरातल्या म्हशी सांगत होत्या, जावा सांगत होत्या, पहाटे कोणी उठायचं तेही सांगत होत्या. ओवलेली सुई अजून माझ्या चिमटीत होती.

नाव घाटाला लागली. बाबा लगबगीने पुढे आले. “काय म्हणता, अंजनाबाई?”

“पोरगी पसंत आहे.”

मी उतरले. सुईतून दोरा ओढून काढला आणि सुई अंजनाबाईंच्या हातावर ठेवली.

“बेबी!” आई दबक्या आवाजात म्हणाली.

“आई, बाबा, तुम्ही दोघंही ऐका. मार्चात मी मॅट्रिकले बसणार आहे. माघात मी लग्न करणार नाही.”