अकरावी चौकट

माणूस स्फोट घडवायला तयार का होतो, हा प्राध्यापिकाबाईंच्या संशोधनाचा विषय. त्यासाठी त्यांनी एक फॉर्म केला होता आणि त्यात कारणांच्या अकरा चौकटी होत्या: धर्म, सूड, गरिबी, भीती असं करत शेवटची ‘इतर’. तिथे खूण करावी लागली की बाईंना हरल्यासारखं वाटे. “हिला माणसाआधी चौकट दिसते,” असं नवरा चिडवायचा आणि त्या खरंच चिडायच्या.

समोरच्या कैद्याने स्फोटकांची गाडी चालवली होती. चार गुरुवार त्या तुरुंगात येऊन त्याच्यासमोर बसल्या, पण हा पठ्ठ्या एकाही चौकटीत बसेना. आज शेवटची भेट होती. बाईंचा धीर सुटला.

“अहो, मग त्या टोळीत गेलात तरी कशासाठी?”

“एक जण भेटायला यायचा, मॅडम. दर आठवड्याला. चहा मागवायचा आणि माझं सगळं ऐकून घ्यायचा. एकदाही मध्ये तोंड घातलं नाही त्याने. तोवर माझं कोण ऐकत होतं?”

बाईंची नजर टेबलावरच्या दोन कपांकडे गेली. चहा त्यांनीच मागवला होता. त्यांनी घाईघाईने ‘इतर’पुढे खूण केली आणि पेनाला टोपण लावलं.

“पुढच्या गुरुवारी याल ना?”

“नाही हो. माझं काम झालं आता.”

तो समजल्यासारखा हसला.

“त्याचंही काम झालं, मग तोही कधी फिरकला नाही.”